नवरीच्या पायाचे तेल

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. इनॅमलचा, झाकणासकट, पोटावर लाल जास्वंदीची फुले असलेला. झिंदेर शहराच्या बाजारात बाल्कीने मला लेकीच्या नावाने घेतले, तेव्हा ती लेक, झुवेरा, तिच्या पाठीला बांधलेली होती. आमच्याकडे आई मुलीसाठी भांडी साठवते आणि लग्नाच्या दिवशी ती नवरीच्या खोलीत छतापर्यंत रचतात. मग सासरच्या बायका येऊन एकेक बोट लावून बघतात.

पण बाल्की पडली हळवी. कुणाचे बारसे असो, कुणाच्या मयताचा चाळिसावा असो, ती मला उसना द्यायची. हरवू नये म्हणून माझ्या पोटावर नावाची चिकटपट्टी लावायची. जुन्या पट्टीवर नवी चढत गेली. "बाल्कीच्या टोपातला भात कधी कमी पडत नाही," असे लोक म्हणत आणि मी फुगायचो, खोटे कशाला बोलू? त्या पट्ट्या उन्हाने भाजून निघत होत्या, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

झुवेराच्या लग्नाचा दिवस उजाडला. सासरच्या बायका दुपारच्या नमाजानंतर येणार होत्या. बाल्कीने पट्ट्या ओढल्या. वरचे प्लास्टिक निघाले, चिकटा तसाच राहिला. काळा, धूळ खाल्लेला, थेट फुलांवर.

"मेले मी!" बाल्की म्हणाली. "पट्टीचा डाग दिसला की त्या म्हणणार, भांडी उसनी आणून रचलीत. पोरीला जन्मभर टोचतील गं!"

तिची थोरली बहीण साउदे नवरीच्या पायांशी बसली होती. आमच्याकडे मेंदीची नक्षी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून काढतात. मेंदी रंगली की ते अलगद सोडवायचे आणि कातडीवर राहिलेला चिकटा तेलाने उतरवायचा. साउदे ते काम अगदी फुंकर घालत करत होती. पण मला बघताच ती उठली आणि स्वयंपाकाची सुरी घेऊन आली.

"आण इकडे. खरवडून देते."

"ताई, जपून!"

"जपायला वेळ आहे का तुझ्याकडे?"

पाते माझ्या फुलावर फिरले. भांड्याला ओरडता येत नाही. टवका उडाला आणि खालचे काळे लोखंड उघडे पडले. बाल्कीने तोंडावर हात ठेवला. साउदेने तोवर दुसऱ्या फुलाला पाते लावले होते.

"मावशी!" झुवेरा कडाडली. त्या दिवशी नवरीने खाली मान घालून गप्प बसायचे असते. "माझ्या पायाला सुरी लावली असतीस का?"

"ती तुझी कातडी आहे."

"मग याची काय फुकट आलीय? पायाला लावलंस तेच लाव की!"

पायांशी शेंगदाण्याच्या कोमट तेलाची वाटी होती. बाल्कीने फडके बुडवले आणि माझ्या पोटावर दाबून धरले. आता थांबायचे होते, आणि तेच कठीण होते. गल्लीच्या तोंडाशी सासरच्या बायकांच्या आनंदाच्या ललकाऱ्या ऐकू आल्या.

"काढ आता, आल्या!" साउदे म्हणाली.

"मुरू दे," झुवेरा म्हणाली.

ललकाऱ्या अंगणाच्या भिंतीपाशी आल्या आणि तिथेच रेंगाळल्या. बाल्कीने अंगठ्याने चोळायला सुरुवात केली. चिकटा वळ्या होऊन सुटला, फुले दिसू लागली. तिने बाजरीच्या कोंड्याने तेल टिपले, साबणाने मला धुतले, पुसले आणि राशीत ठेवले, तोच दार वाजले.

नवऱ्याची आत्या हिंदातू एकेक भांडे चाचपत माझ्यापाशी आली. तिचे बोट टवक्यावर थांबले.

"हे कुणाचं आणलंत?"



"आमचंच," बाल्की म्हणाली. "लेक तान्ही होती तेव्हा घेतलं. सगळ्या गल्लीला जेवू घातलंय त्यानं. आज डाग काढायला गेलो आणि घाई नडली."

हिंदातूने पुन्हा बोट फिरवले. "टवका ताजा आहे. सुरी कुणी लावली?"

"मी," साउदे पुटपुटली.

"बरं झालं बाई, आम्ही लेकीला न्यायला आलोय, मावशीला नाही!"

सगळ्या खो खो हसल्या. बाल्की हसता हसता रडली. हिंदातूने मला उचलून राशीच्या वर ठेवले.

मी झुवेराबरोबर तिच्या सासरी आलो. मित्रांनो, इतक्या वर्षांचा चिकटा वाटीभर तेलात गेला, त्याचा मागमूसही नाही. टवक्याला मात्र गंज चढतो आहे. झुवेरा मला धुऊन रोज तिथे कोरडे फडके फिरवते, तेलाचे बोट लावते. तरी तो दर पावसाळ्यात जरासा वाढतो. तुमच्या घरी काही चिकटून बसले असेल, तर तेल लावा आणि थोडे थांबा. दाराशी पाहुणे आले असले, तरी थांबा.