न रडलेल्या आईचा चेहरा

मित्रांनो, मी रंगीत काचेचा एक जुना तुकडा आहे, जेमतेम तळहाताएवढा. फ्रान्समधल्या मोंरिव्हाल गावच्या चर्चमध्ये, उत्तरेकडच्या खिडकीत, मी शिशाच्या पट्टीत बसलेला आहे. माझ्यावर एका बाईचा चेहरा आहे. म्हणजे आता अर्धाच उरला आहे.

नदीची वाळू आणि झाडाची राख भट्टीत वितळवून मला घडवले. एंगेरां नावाच्या कारागिराने तापलेल्या सळईने मला कापले आणि माझ्या कडा कुरतडून सारख्या केल्या. तेव्हा चर्च नवे होते. भिंतींवरच्या परांच्याही उतरल्या नव्हत्या. खिडकीत एका क्रूर राजाची गोष्ट रंगवायची होती. त्याने एका गावातली सगळी तान्ही मुले मारली होती. मी त्यातल्या एका आईचा चेहरा होणार होतो.

त्याच वसंतात एंगेरांची दोन मुले तापाने गेली होती, सहा दिवसांच्या अंतराने. त्याची बायको ओडिएर्न लोखंडाची आणि काचेची पूड वाईनमध्ये खलून रंग करीत असे. मुले गेल्यावरही तिने एक दिवस काम चुकवले नाही.

एंगेरांने माझ्या गालांवर अश्रू काढले. ओडिएर्नने मान वळवून पाहिले.

"ते पूस," ती म्हणाली.

"का?"

"मी रडले का?"

एंगेरांने थोडा विचार केला. "नाही."

"मग पूस. माझ्याकडे बघ आणि काढ."

त्याने ओल्या फडक्याने मला पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. उघडे डोळे, मिटलेले ओठ आणि कशावरच न ठरणारी नजर. मग मला भट्टीत भाजले आणि रंग पक्का झाला.

बांधकामावर देखरेख करणारे फादर गोसलां दोन दिवसांनी आले. त्यांनी मला उजेडात धरले.

"एंगेरां, चित्रात या बाईच्या मांडीवर मेलेलं लेकरू आहे, आणि ही बाजाराला निघाल्यासारखी दिसते. आपल्या लोकांना वाचता येत नाही, ते बघूनच शिकतात. अश्रू घाल, नाहीतर हिला फोडून दुसरी कर."

फुटकी काच परत भट्टीत जाते, हे मला माहीत होते. मला भीती वाटली असे मी म्हणणार नाही. नुसते माहीत होते.

ओडिएर्नने खलणे थांबवले. "फादर, माझा धाकटा सकाळी गेला. दुपारी मी पाव भाजले. एकही करपला नाही. शेजारणी म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं आहे. तुम्हीही तेच म्हणणार का?"

फादरनी मला हलक्या हाताने फळीवर ठेवले.

"राहू दे," ते म्हणाले. जाताना हातमोजे तिथेच विसरून गेले.

असा मी खिडकीत बसलो. ओडिएर्न दर रविवारी येई, पण तिने मान वर करून माझ्याकडे कधीच पाहिले नाही. इतर बायका मात्र पाहत. कितीतरी पिढ्या माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. त्या काही मागत नसत. एकदा एक तरुण विधवा आपल्या बहिणीला म्हणाली, "बघ, हिलाही येत नाही रडू." एवढे बोलून ती घरी गेली. माझे सारे कौतुक काय ते एवढेच.

पुढे मेणबत्त्यांची काजळी चढली. बाहेरून पावसाने माझ्या अंगाला खड्डे पाडले. कोणी लक्ष दिले नाही. मग, दीडशे वर्षांपूर्वी, शहरातून एक कंत्राटदार तेजाब घेऊन आला.

"जपून हो, फार जुनं आहे ते," चर्चचा म्हातारा राखणदार आनातोल म्हणाला.

"मळ आहे काका, नुसता मळ. बघा कसा भराभर सुटतोय."

काळे पाणी खाली गळत राहिले. त्यात माझा डावा डोळा होता आणि अर्धे ओठही होते. मला दुखले नाही. काचेला दुखत नाही असे सगळे म्हणतात, मीही तेच म्हणतो. गावकरी खूश झाले. चर्चमध्ये किती उजेड आला, म्हणाले. पण त्यानंतर माझ्याखाली कोणी थांबेनासे झाले.

अलीकडेच जुन्या काचा दुरुस्त करणाऱ्या सोलेन नावाच्या बाईंनी मला खिडकीतून उतरवून टेबलावर घेतले. सात आठवडे त्या माझ्यावर वाकून कापसाच्या बोळ्याने एकेक डाग टिपत बसल्या.

"तेवढा दुसरा डोळा रंगवून टाका ना," इथले आताचे फादर म्हणाले. "लोक विचारतात."

"तो कसा होता, कुणालाच ठाऊक नाही, फादर. अंदाजाने मी नाही काढणार."

आता मी परत खिडकीत आहे आणि माझ्या बाहेरून दुसरी साधी काच बसवली आहे. पाऊस लागत नाही, वारा लागत नाही. बरे वाटते की नाही, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात जुनी चित्रे असतील, जुन्या मूर्ती असतील. त्या जरूर स्वच्छ करा. पण घाई करू नका. कापसाचा पहिला बोळा काळा निघाला, की थांबा. तो मळ आहे की कुणाचा डोळा आहे, हे नीट बघा आणि मगच दुसरा बोळा उचला.