कीर्तनानंतर उरलेली म्हातारी

मित्रांनो, काळ्या प्लॅस्टिकच्या पोटात फीत गुंडाळून बसलेली मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या अंगावर हाताने काढलेल्या चित्रांचा सिनेमा आहे. जत्रेत हरवलेल्या लेकाला हाका मारत एक म्हातारी अंधाऱ्या रानातून चालत राहते. सिनेमा होता मोठ्या माणसांसाठी. पण चित्रं हलताना दिसली, की लोक म्हणतात, कार्टून!

नव्वदीच्या दशकात राजुरीच्या पारसमल शेठनी मला आपल्या भाड्याने कॅसेट देण्याच्या दुकानात पोरांच्या फळीवर ठेवलं. पोरं हौसेने न्यायची आणि ती हाक ऐकून गोधडीत शिरायची. एकदा गावातला कुशाबा तणतणत आला. "शेठ, कसलं कार्टून दिलंत राव? नातू रडून रडून तापला की!"

मोठी माणसं तर मला हातच लावत नसत. सिनेमाच्या शेवटपर्यंत मला कुणीच पाहिलं नव्हतं.

मग सप्ताह आला. काल्याच्या कीर्तनाचं शूटिंग ठरलं आणि कोरी कॅसेट काही मिळेना. शेठचा मुलगा कल्पेश म्हणाला, "पप्पा, हिच्यावरच घेतो. हिला कोण विचारतंय?" त्याने माझ्या कोपऱ्यातल्या खाचेवर चिकटपट्टी लावली. मी हादरले. ती पट्टी लागली, की जुनं पुसायला मोकळीक!

मांडवात टाळ-मृदंग घुमले. पांडुरंगाचं नाव अंगावर उमटत होतं, हे माझं भाग्यच. पण त्या नावाखाली माझी म्हातारी पावलापावलाने नाहीशी होत होती. देवा, तिची शेवटची हाक तरी ठेव रे!

तेवढ्यात हंडी फुटली, हातोहात काला वाटला गेला आणि कॅमेरा थांबला.

दुसऱ्या दिवशी कुशाबाच्या घरी सगळे कीर्तन बघायला जमले. "त्यो बघा मी, खांबापाशी!" कुशाबा मिरवत होता. कीर्तन संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि हाका मारत माझी म्हातारी उभी राहिली. कल्पेशचा हात बटणाकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला.

"ऱ्हाऊ दे रं," कुशाबाची थोरली बहीण धोंडाबाई म्हणाली. "तिला लेक घावतो का बघू दे."

लेक सापडला नाही. सापडलं दुसऱ्या कुणाचं चुकलेलं लेकरू. म्हातारीने तेच पाठीशी बांधलं आणि ती रानाबाहेर पडली.

धोंडाबाईंनी कीर्तनाला जोडतात तसे हात जोडले. कुशाबा उपरण्याने डोळे पुसत म्हणाला, "आन् हे मी नातवाला दाखवलं व्हतं व्हय!"

आता माझ्या फितीवर बुरशी चढते आहे, आणि पुन्हा तीच भीती वाटते. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी अडगळीत भेटली, तर फेकण्याआधी एकदा शेवटपर्यंत बघा. आत कुणी अजून हाका मारत असेल.