किलोभरही न भरलेला संगणक

मी बोलतोय. इकडे, निशिगंधाच्या बादलीमागे बघा. नाही, तो इन्व्हर्टर. त्याच्या अलीकडचा, जेवणाच्या डब्याएवढा काळा चौकोन. मी संगणक आहे. पूर्ण संगणक. हे मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं, आणि ज्यांना सांगावं लागतं ते बहुतेक पन्नाशीच्या पुढचे असतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला जाग आली ती अमरावतीच्या एका दुकानात. शेजारी मोठाले संगणक होते, काचेच्या पोटात लाल-निळे दिवे लावून गणपतीच्या मंडपासारखे सजलेले. आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडेच वळायचं. माझ्याजवळ एक काका आले खरे, पण त्यांनी विचारलं, "याच्यावर किती चॅनल दिसतात?"

दामिनी तशी नव्हती. ती तिथल्याच कॉलेजातून नुकती बाहेर पडली होती. तिने मला उलटं केलं, बुडाशी लिहिलेली बारीक अक्षरं वाचली आणि विक्रेत्याला म्हणाली, "याला काय जमत नाही, ते सांगा."

"मॅडम, सगळं जमते."

"मग ते मोठे कशाला मांडून ठेवले?"

विक्रेता मग खरं बोलला. मोठे खेळ चालणार नाहीत. जड चित्रं करायला घेतली तर रखडेल. पुढे ताकद वाढवायची म्हटलं तर आत जागा नाही. पण वीज कमी खातो, कोपऱ्यात मावतो आणि रोजचं काम मुकाट करतो.

"मुकाट काम करणारं आमच्या घरात एक तरी हवंच होतं," दामिनी म्हणाली आणि मला घेऊन अकोल्याच्या गाडीत बसली.

जठारपेठेत तिच्या वडिलांचं, सूर्यभानभाऊंचं, फुलांचं दुकान आहे. भाऊंनी मला हातात घेतलं, खालीवर केलं आणि सरळ शेवंतीच्या तराजूत ठेवलं.

"किलोभर बी नाई भरत! दामिने, फसवलं तुले."

"बाबा, संगणक वजनावर घेत नाहीत."

"याच्यात मावते तरी काय वं?" हे विचारलं मनकर्णाआत्यांनी. त्या भाऊंच्या थोरल्या बहीण. दुकानात हार गुंफायला येतात आणि हार संपले तरी मतं संपत नाहीत म्हणून थांबतात.

"आत्या, तुह्यं डोकं केवढं हाय? त्याच्यात अख्खी जठारपेठ मावते ना!" दामिनी म्हणाली.

असं माझं स्वागत झालं. पुढे बिलं, ऑर्डरी, फुलांचे फोटो, सगळं माझ्यावर आलं आणि मी ते केलं. दुपारी वीज गेली की छोट्याशा इन्व्हर्टरवर एक दिवा, एक पंखा आणि मी, असे तिघं आरामात चालायचो. त्या दिव्यांच्या मंडपाने हे करून दाखवावं!

त्रास होता तो माणसांचा. मी क्षणभर विचार करायला थांबलो की भाऊ तेच बटण पुन्हा पुन्हा दाबायचे, आत झोपलेल्या माणसाचं दार ठोठावल्यासारखं. मग मी ते काम तितक्या वेळा करायचो. एकदा एकाच हाराची बिलं बाहेर येतच राहिली. भाऊ म्हणाले, "यंत्र येडं हाय."

दामिनीचं मन मात्र बिलात नव्हतं. तिला लग्नाच्या स्टेजची सजावट करायची होती, आणि ती कशी दिसेल हे गिऱ्हाइकाला आधीच पडद्यावर दाखवायचं होतं. तिथे माझी खरी परीक्षा झाली. तिने पडद्यावर झेंडूची फुलं एकेक करून मांडली आणि मी गपकन अडकलो. ती मला बोलली, अगदी घरातल्या माणसाला बोलतात तसं. मग शांत झाली आणि तिने एकच माळ नीट बनवून तिच्या नकला सगळीकडे चिकटवल्या. मी सुरळीत चाललो. मला बदलता येणार नाही हे तिला कळलं, म्हणून तिने काम बदललं. मोठ्या माणसांना एवढं सुचायला किती वर्षं लागतात, देव जाणे.

भाऊंना हे सगळं खूळ वाटायचं. शेवटी त्यांनी निकाल लावला. "बडनेऱ्याचं लग्न भेटलं तं सजावट तुही. नाई भेटलं तं हे बंद. सुटी फुलं इकू, आन् हा डब्बा वापस."

बडनेऱ्याच्या साधनाताई, नवरीची आई, मे महिन्यातल्या एका दुपारी चित्र बघायला येणार होत्या. दामिनीने सकाळपासून मला ते कच्चं चित्र खऱ्या फोटोसारखं पक्कं करायला लावलं होतं. अकोल्याचा मे आणि त्यात हे काम! माझा इवलासा पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. तेवढ्यात साधनाताईंचा फोन आला, त्या गल्ली चुकल्या होत्या. दामिनी त्यांना आणायला धावली.

भाऊंनी सहज माझ्यावर हात ठेवला. "बाप्पा! हा तं तापला!"

आणि त्यांनी काय केलं? उन्हाळ्यात मोगऱ्याच्या टोपलीवर ओलं बारदान टाकतात, तेच उचललं आणि माझ्यावर पांघरलं. वरून पाण्याचा एक हबका. मायेने हो, अगदी मायेने. माझी हवेची भोकं बंद झाली, जीव गुदमरला आणि मी विझलो.

अर्धवट शुद्ध आली तेव्हा दामिनीचा आवाज तापला होता.

"कोणी झाकलं याला?"

"म्या. मोगरा टिकते, मंग हा काहून नाई टिकणार?"

"बाबा, मोगऱ्यात वीज नसते!"

तिने माझे स्क्रू काढले होते, मला पुसून पंख्यापुढे धरलं होतं. साधनाताई खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या. भाऊंनी संधी साधली. उभे राहिले आणि दोन्ही हात हवेत फिरवू लागले. "चित्र कायले पाह्यजे ताई? हे पाहा, इथं कमान. इथून झेंडू असा खाली येते..."

"भाऊ," साधनाताई म्हणाल्या, "आमच्या मिस्तरीनंबी घर असंच हवेत दाखवलं होतं. बांधून झाल्यावर संडासाचं दार स्वयंपाकघरात निघालं."

भाऊंचे हात खाली आले.

दामिनीने स्क्रू लावून बटण दाबलं आणि मी पुन्हा सुरू झालो. पक्कं चित्र अर्धवटच राहून गेलं होतं, उरलं होतं ते कच्चं, त्यात झेंडू म्हणजे नुसते पिवळे गोळे. आत्या पुढे वाकल्या. "हे तं बुंदीचे लाडू होय!"

"फुलं मी बादलीत पाहिली," साधनाताई म्हणाल्या. "स्टेज दाखव, बाई. हा खांब इथंच येते का? याच्यामागं माह्या सासूबाई बसतीन. त्यायले फेरे दिसले नाई, तं माह्यं पुढचं आयुष्य तू काढशील का?"

दामिनीने खांब ओढला. मी विचारात पडलो. भाऊंचं बोट बटणाकडे निघालं, तिने ते वरच्या वर धरलं. चहा आला, पिऊन झाला आणि मग खांब सरकला.

"आता दिसतीन," साधनाताई म्हणाल्या. "काम तुहं."

त्या गेल्यावर भाऊ म्हणाले, "म्या झाकलं म्हणून त्याले आराम भेटला. म्हणून चालला."

दामिनीने एक मोठा श्वास घेतला. "सजावट कोणाची, बाबा?"

"तुही. बोललो ना एकदा!"

त्या लग्नाला आलेल्यांनी सजावट पाहिली आणि दामिनीकडे पुढची कामं आली. मोठी कामं, मोठे मंडप. ते माझ्याने होईना. मी प्रामाणिकपणे अडकून दाखवलं. तिने नवा, थोराड संगणक आणला आणि मागच्या खोलीत बसवला. वाईट वाटलं? थोडं वाटलं. पण तिने मला काढून टाकलं नाही. बिलं करायला इथेच, बादल्यांमध्ये ठेवलं, आणि माझ्यापुढे भाऊंना बसवलं.

वाचकहो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारखा घ्यायला जाल तेव्हा आपलं काम काय ते ठरवून जा. माझ्याकडून डोंगर उचलून घेऊ नका, आणि लहान दिसतो म्हणून खिडकीबाहेरही टाकू नका. आता पुरे करतो, समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि बिल व्हायचंय. सूर्यभानभाऊ एका बोटाने 'झेंडू'मधला 'झ' शोधतायत. आत्याही शोधायला आल्या आहेत. मी हळू चालतो असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी जरा इथे येऊन बघावं, कोण कोणासाठी थांबलंय ते.