सातवी पट्टी

"ह्या बाटलीवर सात लिहा, मावशी."

मावशींनी सरांच्या हातातली बाटली घेऊन उजेडात धरली आणि टेबलावर ठेवली. आतली काळी भुकटी कोरी करकरीत होती.

"ही कालच बनवलीय. हिला अजून पाणीसुद्धा लागलेलं नाही."

"सांगितलंय तेवढं करा. तीन वाजता परीक्षक येतायत."

तेहतीस वर्षं प्रयोगशाळेतलं काचसामान धुणाऱ्या मावशींना रसायनशास्त्र शिकवायला कोणी बसलं नव्हतं. पण एवढं त्यांना ठाऊक होतं, की संशोधक बाई तीन पदार्थ एकाच चंबूत घालतात, चिमूटभर ही भुकटी टाकतात आणि एरवी तीन दिवस खाणारं काम तासाभरात उरकतं. भुकटी मात्र खर्च होत नाही. चंबूला बाहेरून चुंबक लावलं की ती काचेशी गोळा होते. वरचं ओतून घ्यायचं, भुकटी स्पिरिटनं धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची, पुन्हा वापरायची. हे धुणं मावशींकडे. एकेका धुण्याला त्या 'पाणी' म्हणत आणि दर पाण्याला आकडा लिहिलेली नवी चिकटपट्टी बाटलीवरच्या जुन्या पट्टीवरच लावत. जुनी सोलायची नाही, ही त्यांची रीत. खऱ्या बाटलीवर सहा पट्ट्या होत्या. बाईंच्या प्रबंधात सात छापलं होतं.

"पाच पाण्यांपर्यंत उतारा चांगला होता, माल भरपूर निघायचा," मावशी म्हणाल्या. "सहाव्याला जीवच गेला तिचा. चुंबकाकडे यायला तयार नाही, रुसल्यासारखी. तुम्ही म्हणालात, टाकून द्या."

"मग टाकली ना?"

"टाकवली नाही. कपाटात आहे."

संशोधक बाई खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या. प्रबंधाचं त्यांचं हे सहावं वर्ष. सात हा आकडा त्यांचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी सांगितला होता आणि त्यांनी मुकाट्यानं लिहिला होता.

सरांनी आवाज खाली आणला. "मावशी, निवृत्त झाल्यावर तीन वर्षं माझ्या सहीवर आहात तुम्ही इथं. यंदाचं मुदतवाढीचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय."

"म्हणजे मलाही धुऊन परत वापरताय," मावशी म्हणाल्या. "माझं तिसरं पाणी चाललंय. त्या पत्रात तीनच लिहिलंय ना? की तिथंही सात?"

खिडकीशी बाईंनी हसू दाबलं. सर निघून गेले. जाताना नव्या बाटलीवर पट्टी त्यांनी स्वतःच चिकटवली.

परीक्षक आले, प्रबंध उलगडून बसले आणि म्हणाले, "सात वेळा वापरलेली भुकटी जरा बघू."

सरांनी टेबलावरच्या बाटलीकडे बोट केलं. मावशींनी कपाट उघडलं आणि दुसरीच बाटली परीक्षकांच्या हातात ठेवली.

त्यांनी जाड झालेल्या पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. "हे काय, कांद्यासारखं?"

"पाण्याची मोजणी आहे, साहेब. पापुद्रे मोजा."

त्यांनी मोजले. "सहा भरतायत. सातवा कुठाय?"

मावशींनी फक्त संशोधक बाईंकडे पाहिलं. पुढचं सांगणं त्यांचं नव्हतं.

"सातव्यांदा वापरलीच नाही," बाई म्हणाल्या. "सहाव्यालाच उतारा निम्म्यावर आला होता."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "मग वापरा. येईल तो आकडा लिहा. तोवर माझी सही नाही."

संध्याकाळी मावशींच्या स्टुलावर ते पत्र येऊन पडलं होतं. सहीची जागा रिकामी. त्यांनी घडी घातली, ओव्हनच्या दारावरचं भुकटीचं चुंबक ओढून काढलं.

"ते प्रयोगशाळेचं आहे," सर दारातून म्हणाले.

"आमच्या बिघडलेल्या स्पीकरचं आहे. घरून आणलेलं."

पिशवीत पडताच ते घराच्या किल्लीला जाऊन चिकटलं. सरांची पावलं जिन्यावर विरल्यावर संशोधक बाई जवळ आल्या.

"उद्या सातव्यांदा वापरून धुवायचीय. मी धुतली तर जमेल का हो, मावशी?"

"सांडाल. अर्धी नळाखाली जाईल."

मावशींनी पिशवीत हात घातला, किल्ली सोडवली आणि चुंबक पुन्हा ओव्हनच्या दारावर टक्कन बसवलं.

"सकाळी येते. हजेरीपटावर नाव नसलं तर नसू दे."

मग त्यांनी चिकटपट्टीचा एक तुकडा कापला, त्यावर सात लिहिलं आणि बाटलीला न लावता टेबलाच्या कडेला नुसता टोकानं चिकटवून ठेवला, उद्यासाठी.