धाकटीच्या जागी

धाकटीने पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि दुकानाच्या चकचकीत फरशीवर सरळ उपडी केली. घरचा केर होता तो. कॉटखालचा, स्वयंपाकघरातला, दारातला, सगळा सकाळी झाडून गोळा केलेला. वर दोन लांब केस आणि शिलाईच्या दोऱ्याचा गुंता.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता दोन पावलं मागे सरकला. मशीन चालवून दाखवायला तो रंगीत कागदाचे कपटे ठेवत असे.

"कपटे काय, कुणीही उचलेल," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे हे असतं. हे उचलून दाखवा."

थोरली बाजूच्या स्टुलावर ताठ बसून हसू दाबत होती. तिला ताठच बसावं लागे. तीन वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की चाला, उभ्या राहा, जिने चढा, पण वाकायचं नाव काढू नका. तेव्हापासून खाली पडलेली घरातली प्रत्येक वस्तू धाकटीनेच उचलली होती. 'पाय वर घे' म्हणत केर काढणं, फरशी पुसणं, कॉटखाली गेलेली चप्पल ओढून आणणं, सगळं तिच्याकडे. आणि आता धाकटी लग्न करून जाणार होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी.

गोल चपटं मशीन घरघरत निघालं. केरातून एकदा गेलं, दुसऱ्यांदा गेलं, मग दोरा त्याच्या ब्रशला गुंडाळला गेला आणि ते लाल दिवा लावून जागीच थांबलं.

"बघितलंस ना ताई? आता हे उलटं करून दोरा कोण काढणार? तू?"

विक्रेत्याने खाली बसून दोरा काढला. धाकटीने मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या शनिवारी येऊ म्हणाली. तिच्या आवाजात वैताग होता, पण त्याच्या तळाशी हायसं वाटल्याचा सूरही थोरलीला ऐकू आला. तो तिने बरोबर ओळखला, कारण स्वतःच्या मनातही तोच होता. आणखी एक आठवडा मिळाला होता.

धाकटी सार्वजनिक ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवून नीट करायची. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, त्याआधीच वडील गेलेले. थोरली तेव्हा वीस वर्षांची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायला शिकली आणि धाकटीला वाढवलं. धाकटीला पुढे दोन-तीन स्थळं आली. कधी त्यांना ती पसंत पडली नाही, कधी तिला ते. मग कुणी विचारेनासं झालं आणि दोघींचं दोन खोल्यांत बरं चाललं. अगदी छान चाललं, असं थोरली म्हणे.

मग मागच्या वर्षी एक माणूस ग्रंथालयात तक्रार घेऊन आला. पुस्तकाची शेवटची चार पानं नव्हती. तो सहा तासांच्या अंतरावरच्या गावात पाणीपुरवठ्याचे पंप चालवायचा आणि प्रशिक्षणासाठी दोन महिने इथे आला होता. विधुर, मुलंबाळं नाहीत, बोलणं बेताचं. धाकटीने दुसऱ्या शाखेतून ती चार पानं मिळवली, नक्कल काढून पुस्तकात शिवली. त्यानंतर तो रोज येऊ लागला. दोन महिन्यांत त्याने एकूण एकच पुस्तक वाचलं, हे धाकटीने स्वतः हसत हसत सांगितलं होतं.

थोरली त्याला पंपवाले म्हणायची. माणूस भला होता, त्यात काही खोट काढता आली नव्हती. काढायचा प्रयत्न तिने मनापासून केला होता.

लग्न नोंदणी कार्यालयात व्हायचं होतं. पण धाकटीची अट होती, की ताईसाठी केर काढायचं मशीन घरात येऊन नीट चालेपर्यंत ती हलणार नाही. कामाला बाई ठेवू, असंही बोलून झालं होतं. पण थोरलीला दिवसभर दुकानात थांबावं लागे, आणि कुणाच्या हाती किल्ली द्यायची म्हटलं की धाकटीच नको म्हणे. तेव्हा मशीनच. त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. पण चार शनिवार गेले आणि दुकानातलं एकही मशीन धाकटीच्या परीक्षेत पास झालं नाही. एक कॉटखाली जाईना, कारण त्याच्या डोक्यावर टोपीसारखा उंचवटा होता. एक भिंतीला धडका देत नुसतंच भटकायचं. एकाला फरशी पुसता यायची, पण त्याचं पाणी भरायला रोज वाकावं लागलं असतं. एक सगळ्यात बरं होतं. ते आपला केर आपणच उभ्या डब्यातल्या पिशवीत रिकामा करायचं. पण त्या वेळी इतक्या मोठ्याने ओरडायचं, की धाकटी म्हणाली, ताई दचकेल. थोरलीनेही लगेच हो हो म्हटलं. वास्तविक ती आयुष्यात कधी कशालाही दचकली नव्हती.

नोंदणीची तारीख दोनदा पुढे गेली होती.

पुढच्या बुधवारी दुपारी चष्म्याच्या दुकानाचं दार ढकलून पंपवाले आत आले. सुट्टी काढून, सहा तास बसमधून. नंबर बदललाय वाटतं, म्हणाले. धाकटीला सांगितलंय का, असं थोरलीने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर चढवली आणि दिवा मंद केला. कपाळावर उजव्या बाजूला चांगलं टेंगूळ आलेलं तिला दिसलं. कशाने, विचारलं तर ते ओशाळले.

"फळ्या खाली घेतल्या स्वयंपाकघरातल्या. वीतभर. यांचा हात पोचत नाही ना वर." धाकटीबद्दल ते नेहमी 'या' असंच बोलत. "माझ्या लक्षातच राहत नाही. दोनदा आपटलो."

थोरलीने भिंग बसवलं. पस्तीस वर्षांहून अधिक काळ ती हाच प्रश्न विचारत आली होती.

"आता बरं दिसतंय, की मघाशी?"

"सारखंच आहे."

तिने दुसरं बदललं. ते म्हणाले, तेही सारखंच. नंबर बदललेला नव्हता. ते दोघांनाही आधीपासून ठाऊक होतं. पंपवाले चौकट न काढता अंधारात तसेच बसून राहिले.

"मशीन मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"बघतोय. चांगलं मिळत नाहीये."

"मी थांबेन. मला घाई नाही. फक्त एक सांगा मला, ताई. या येणार आहेत ना? नसतील यायच्या तर तसं सांगा. मी फळ्या वर घेईन, त्याचं काही नाही. पण रोज वाट बघून संध्याकाळ जात नाही हो."

थोरलीला एकदम आठवलं, कितीतरी वर्षांत न आठवलेलं. याच दुकानात भिंगांची पेटी घेऊन दर सोमवारी एक माणूस यायचा. मोजणी झाली तरी रेंगाळायचा. त्याने तिला विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, धाकटीची शाळा होऊ दे. तो बरं म्हणाला. शाळा झाली तेव्हा ती म्हणाली, तिला कुठे चिकटू दे. तेव्हाही तो बरंच म्हणाला. दोन वर्षं तो थांबला. मग एका सोमवारी ती पेटी घेऊन दुसराच माणूस आला. पहिल्याचं काय झालं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. यादीशी भिंगं ताडून तिने सही केली होती आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं होतं.

तिने पंपवाल्यांच्या नाकावरची चौकट अलगद काढली.

"येणार आहे ती," थोरली म्हणाली. "फळ्यांना हात लावू नका."

त्या संध्याकाळी ती एकटीच मशीनच्या दुकानात गेली. विक्रेत्याने सवयीने तिच्या मागे पाहिलं, केराची पुडी घेऊन कुणी येतंय का. थोरलीने त्या ओरडणाऱ्या मशीनकडे बोट केलं. कुठलीच चौकशी केली नाही. फक्त अडकलं तर वाकल्याशिवाय कसं सोडवायचं, तेवढं विचारलं. त्याने दुकानातली एक लांब दांड्याची काठी आणली, पुढे आकडा असलेली, आणि तिच्याकडून चार वेळा करवून घेतलं. पाचव्या वेळेला तिने मशीन टेबलाखालून असं सहज ओढून काढलं, की तो म्हणाला, काठी घेऊन जा, आमच्या काही कामाची नाही.

धाकटी घरी आली तेव्हा मशीन भिंतीशी उभं होतं आणि सुतार कॉटच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून नुकताच गेला होता. धाकटी चप्पल न काढताच दारात थांबली. थोरलीने बटण दाबलं.

मशीन दोन्ही खोल्या फिरलं. कॉटखाली गेलं, पलीकडून बाहेर आलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अंमळ अडखळलं आणि चढलं. मग डब्यापाशी जाऊन एवढ्या मोठ्याने ओरडलं, की धाकटीच दचकली. ती भानावर आली आणि मशीनच्या मागोमाग गुडघ्यांवर फिरू लागली. कपाटामागे बोट फिरवून तिने ते थोरलीसमोर धरलं.

"कोपरा राहिलाय."

"राहू दे. मी कुठे कोपऱ्यात बसायला जातेय?"

"आणि हा आवाज? आणि पिशवी भरली की?"

"पिशवी दोन महिन्यांनी. ती वरच्या बाजूने निघते, बघितलंय मी."

"मला न विचारता आणलंस."

"तुला विचारलं असतं तर पुढल्या वर्षी आणलं असतं."

धाकटी जमिनीवरच बसून राहिली. बोटावरची धूळ तिने पुसली नाही. थोरलीने आकड्याची काठी हातात घेतली होती, आता तिचं काय करायचं ते न समजून ती तिच्यावर रेलून उभी राहिली.

"ताई," धाकटी म्हणाली, "मी जायला हवीय का तुला?"

हो म्हणायचं, हसून म्हणायचं, असं थोरलीने दुकानातून येताना वाटेत ठरवलं होतं. दोनदा मनातल्या मनात म्हणूनही बघितलं होतं. पण जिला नऊ वर्षांची असल्यापासून कधी खोटं सांगितलं नव्हतं, तिला आता काय सांगायचं?

"नकोयस," ती म्हणाली. "म्हणून तर आणलं. माझ्या हवं-नकोवर राहिलीस तर इथेच राहशील."

धाकटी उठली. थोरलीला कंबरेतून मिठी मारता येत नसे, तिची पाठ दुखे. म्हणून धाकटीने ताईचे दोन्ही दंड नुसते घट्ट धरले आणि कपाळ तिच्या खांद्यावर टेकवलं. मशीन त्यांच्या पायांपाशी येऊन थांबलं, वळलं आणि दुसरीकडे गेलं.

पुढच्या नऊ दिवसांत सगळं झालं. नोंदणी कार्यालयात पंपवाल्यांनी सही इतकी सावकाश केली, की कारकुनाने पेन बदलून दिलं. ग्रंथालयातल्या दोन बाया साक्षीला होत्या. धाकटीने कपडे कमी आणि पुस्तकं शिवायच्या सुया, दोरे, चिकटपट्ट्या जास्त घेतल्या. तिथल्या शाळेतही फाटकी पुस्तकं असतीलच, म्हणाली. बसच्या खिडकीतून ती हातवारे करून सांगत होती ते गोळ्यांबद्दल होतं की गॅसबद्दल, हे थोरलीला काचेतून समजलं नाही. तिने समजल्यासारखी मान हलवली.

पहिल्या महिन्यात थोरली मशीनशी फारसं बोलली नाही. कामावरून आली की बटण दाबायचं आणि स्वतः स्वयंपाकघरात उभं राहायचं. ते अडकलं की काठीने सोडवायचं. त्याच्या पिशवीत काय जमतं हे तिने एकदा उघडून बघितलं. पूर्वीच्या मानाने केर निम्माच होता. एका माणसाचा केर तेवढाच व्हायचा.

धाकटीचा फोन दर रविवारी सकाळी येई. बोलायला ती आता जरा जास्तच लागली होती. शाळेने तिला तीन खोकी पुस्तकं दिली होती. खिडकीतून पंपघर दिसायचं. सकाळी पाणी सोडलं की भिंत थोडी थरथरायची आणि तिला त्यानेच जाग यायची. पंपवाले अजूनही अधूनमधून फळीला डोकं आपटत. हे सांगताना ती हसली आणि पलीकडे कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, त्यावर पुन्हा हसली. असं हसणं थोरलीने या दोन खोल्यांत कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकून तिला बरं वाटलं, आणि तिने फोन कानाशी जरा घट्ट धरला.

त्या रविवारी ती खुर्चीत बसून ऐकत होती आणि मशीन आतल्या खोलीतून फिरत फिरत बाहेर आलं. टेबलाला वळसा घालून खुर्चीकडे येऊ लागलं. घरघर वाढली तशी फोनवर धाकटी बोलता बोलता थांबली.

"पाय वर घे गं ताई," ती म्हणाली आणि लगेच पुढे शाळेच्या खोक्यांबद्दल सांगू लागली. काय म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

थोरलीने पाय वर घेतले. मशीन खालून गेलं, खुर्चीच्या चारही पायांभोवती फिरलं आणि आतल्या खोलीत निघून गेलं. फोनवर धाकटी बोलत होती. थोरली मधूनच हं म्हणत होती. कितीतरी वेळ तिने पाय खाली टेकवले नाहीत.