थांबा म्हटलं की थांबायचं

धाकट्याचा फोन आला तेव्हा मी एका शिकाऊ बाईला गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवत होते. "ताई, ती ऑपरेशनला नाही म्हणते," तो म्हणाला. "डॉक्टरांनी वकील बोलावलाय. तू ये लवकर." ती म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. बोलत नाही म्हणून आमच्या घरात तिला सगळे घुमी म्हणतात. आमच्या घरात सगळे एकाच वेळी बोलतात, मग तिने बोलायचं कधी, हा प्रश्न मात्र आजवर कोणाला पडलेला नाही.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही, म्हणून शिकाऊ लोक माझ्या मागे मला ब्रेकबाई म्हणतात. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, तोंडाला मात्र नाही. त्या दिवशी त्या बाईला घरी सोडलं आणि दवाखान्यापर्यंत सगळ्या वाटेने घुमीला मनातल्या मनात झापत गेले. तिची वार, बाळाला पोसणारा तो गोळा, खालीच चिकटून बाळाच्या वाटेवर बसली होती. नेहमीसारखं बाळंतपण होऊ दिलं तर रक्त जाऊन दोघंही हातची जातील, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी थोडं रक्त गेलं म्हणून तिला भरती केलं होतं. आता सिझर करून बाळ बाहेर काढणं एवढाच मार्ग उरला होता. मग हा हट्ट कसला? तिचा कान धरायचा, असं ठरवूनच मी जिना चढले.

सगळे मोठ्या मॅडमच्या खोलीत जमले होते. मॅडम त्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टर. घुमीचं पहिलं सिझरही त्यांनीच केलं होतं. त्यांच्या टेबलावर गर्भाशयाचा प्लास्टिकचा नमुना होता, दरवाजासारखा उघडणारा, आणि आत एक गुलाबी बाळ उलटं टांगलेलं. माझा भाऊ पार्किंगची पावती बोटांत गुंडाळत बसला होता. शेजारी आई. दाराशी भूल देणारे डॉक्टर उभे होते, डोक्यावर थिएटरची टोपी तशीच. आणि मॅडमच्या उजव्या हाताला दवाखान्याचा वकील, पेनाचं टोपण काढत आणि लावत.

"आम्ही सगळी कल्पना दिलेली आहे," वकील म्हणाला. "तरीही त्या नकार देतायत. उद्या बाळाला काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे आजच स्पष्ट व्हायला हवं. गरज पडली तर पोलिसांना कळवावं लागेल. कोर्टाकडून आदेशही मागता येईल."

"आदेश आणून काय करणार?" मी विचारलं. "बांधून ठेवणार तिला?"

वकिलाने पेनाचं टोपण लावलं.

"तू जरा गप्प बस," आई म्हणाली. "अहो, आमची सूनबाई तशी गुणी आहे. हे कुठून डोक्यात शिरलंय कळत नाही. बाळंतपण म्हटलं की दुखायचंच. आम्हाला नाही दुखलं?"

"नवरा म्हणून तुम्ही संमती दिलीत तर—" वकील माझ्या भावाकडे वळला.

"त्याचं पोट कापणार आहात का?" मी म्हटलं.

"ताई, प्लीज." माझ्या भावाने मॅडमकडे बघून ओशाळवाणं हसू आणलं. "सॉरी हां, मॅडम. मागच्या वेळेपासून तिचं हे चालूच आहे."

मागच्या वेळेपासून. ते शब्द ऐकले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण हे प्रकरण मला माहीत होतं. पहिल्या सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन देऊन तिला खाली बधिर केलं होतं. ते नीट लागलं नव्हतं. पोटावर सुरी फिरली ती तिला कळली. ती म्हणाली, मला कळतंय. दाब जाणवत असेल, असं म्हणून त्यांनी काम पुढे चालू ठेवलं. घरी आल्यावर तिने हे सांगितलं. इतकं बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. आणि माझ्या या गुणी भावाने त्याची नक्कल बसवली. पाहुणे आले की मान मागे टाकून बारीक आवाजात, "मला कळतंय हो, मला कळतंय." सगळे हसायचे. एकदा मी पेलाभर पाणी त्याच्या ताटात ओतलं, तर आई महिनाभर मला सांगत होती की गंमत समजत नाही तुला.

मी खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांना बसायला खुर्च्या होत्या. भिंतीशी एक रिकामी खुर्चीसुद्धा होती. तिच्यावर वकिलाची बॅग ठेवली होती.

"जिच्याबद्दल बोलताय ती कुठे आहे?" मी विचारलं.

"पेशंट वॉर्डमध्ये आहे," मॅडम म्हणाल्या. "तिच्याशी सकाळी बोलणं झालंय."

वॉर्ड समोरच होता. पुऱ्या गावाची पंचायत भरवली होती, आणि आरोपी दहा पावलांवर पडून होती. मी उठले आणि गेले.

घुमी कुशीवर पडून होती. पोटावर पट्टा बांधलेला, आणि यंत्रातून बाळाचे ठोके भराभर ऐकू येत होते. मला बघून ती उठायला लागली. मी तिला झोपवलं आणि कान धरायच्या ऐवजी स्टूल ओढून बसले.

"काय गं, मरायचं ठरवलंयस का?"

"नाही, ताई."

"मग ऑपरेशनला नको का म्हणालीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी नको नाही म्हटलं. मी मॅडमना म्हटलं, मला कळलं तर मी थांबा म्हणेन. थांबा म्हटलं की थांबायचं. तसं कबूल करा, मग लगेच चला. त्या म्हणाल्या, ऑपरेशनमध्ये पेशंटच्या अटी चालत नाहीत. मी म्हटलं, मग नको."

"एवढंच?"

"एवढंच. तुमच्या गाडीत नाही का, तुमच्याही पायाशी ब्रेक असतो. मला तसा एक हवा होता. हे कोणी विचारलंच नाही. मॅडम निघून गेल्या, मग आई रडून गेल्या, मग हे ओरडून गेले." तिने पोटावर हात ठेवला. "बाळ माझं आहे, ताई. मला काय त्याचं वाईट करायचंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीत परत आले ती दार न वाजवताच.

"ती तयार आहे," मी म्हटलं. "सकाळपासून तयार आहे. थांबा म्हटलं की थांबायचं, एवढंच तिचं म्हणणं आहे. यात न जमण्यासारखं काय आहे?"

मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला. भूल देणारे डॉक्टर दाराशी पहिल्यांदाच बोलले. "हे मला कोणी सांगितलंच नाही. मला सांगितलं, पेशंट नकार देतेय."

"जमतं की नाही?" मी त्यांना विचारलं.

"जमतं म्हणजे काय, तसंच करायचं असतं. बर्फ लावून बघायचं. थंड लागलं तर भूल बसली नाही. मग वाट बघायची, नाहीतर पूर्ण झोपवायचं."

"एक मिनिट," वकील म्हणाला. आवाज अगदी समजावणीचा, मी जशी शिकाऊ माणसाला गिअर समजावते तसा. "हे दिसतं तितकं सरळ नाही. ही अट आज मान्य केली, तर मागच्या वेळी त्या कळतंय म्हणत असताना आपण थांबलो नाही, असं कबूल केल्यासारखं होतं. उद्या त्यावरून दावा झाला तर दवाखाना अडचणीत येईल. म्हणून मीच मॅडमना सांगितलं, अटी मान्य करू नका."

आईलासुद्धा कळलं असावं, कारण डोळ्यांना लावलेला पदर तिने खाली घेतला.

"म्हणजे तुमच्या मागच्या जबाबदारीवर पांघरूण घालायला," मी म्हटलं, "आजची जबाबदारी तिच्या गळ्यात मारताय. तिला पोलिसांत देणार होता तुम्ही. ती तिथे पडलीय, रक्त कधी सुरू होईल याचा नेम नाही, आणि तुम्ही इथे स्वतःची कातडी वाचवताय. लाज कशी वाटत नाही हो?"

"बाई, तुम्ही आवाज खाली ठेवा."

"ठेवत नाही."

माझा भाऊ उठून उभा राहिला होता. पावतीचा त्याने पार चोथा केला होता. "मॅडम," तो म्हणाला, "तिला खरंच कळलं होतं?"

मॅडमनी चष्मा घातला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दार उघडलं. "मी तिला शब्द देतो," ते म्हणाले. "ती थांबा म्हणाली की मी थांबवणार. कोणाला आवडो न आवडो. बोलण्यात फार वेळ गेलाय, चला. आणि तुम्ही," हे मला, "हवं तर तिच्या डोक्याशी बसा. पण तोंड बंद."

तोंड बंद ठेवून मी आयुष्यात इतका वेळ कुठे बसले नसेन. मला हिरवा झगा चढवला, टोपी घातली. छातीपाशी कापड आडवं टांगलं होतं, त्याच्या अलीकडे घुमीचं तोंड आणि मी, पलीकडे बाकी सगळं. तिने माझा हात असा धरला होता की बोटं बधिर झाली.

इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने डॉक्टरांनी बर्फ लावला. "थंड लागतंय?"

"डावीकडे नाही," ती म्हणाली. "उजवीकडे लागतंय. मला कळतंय."

तेच शब्द. पलीकडून मॅडमचा आवाज आला, "तो फक्त दाब—"

"थांबा," डॉक्टर म्हणाले.

सगळं थांबलं. हत्यारं ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज मी ऐकला. भूल उजवीकडेही पसरावी म्हणून टेबल एका बाजूला कलवलं. यंत्रावर बाळाचे ठोके चालू होते, आणि मला ते मंद झाल्यासारखे वाटले. खरंच झाले होते की नाही, मला माहीत नाही. एवढं भांडून आले होते मी, पण त्या घटकेला माझ्याच ओठांवर आलं होतं, अगं, करू दे त्यांना, सोस जरा, बाळ जाईल. जीभ चावून धरली. ब्रेक तिच्या पायाशी दिला होता, तो मीच कसा काढून घेणार? पण भीतीने माझी गाळण उडाली होती, हे खरं आहे.

पुन्हा बर्फ लावला. "आता?"

"थोडं."

पुन्हा वाट पाहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, ते मी पुसत होते.

"आता नाही," ती म्हणाली. "आता करा."

मुलगा झाला. रडला, चांगला खणखणीत रडला, आमच्या घरात शोभेलसा. त्याला तिच्या गालाशी आणलं, मग टाके घालायला सुरुवात झाली. तेव्हा कापडाच्या पलीकडून मॅडमनी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही," घुमी म्हणाली. "मागच्या वेळी दुखलं होतं."

हातातला टाका पुरा करून मॅडम हळूच म्हणाल्या, "माहीत आहे. तुझं पोट आवळलं होतं. माझ्या हाताला कळलं होतं."

मी उठले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. बाईला माहीत होतं. ही मुलगी वर्षानुवर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर चेष्टा होऊन बसली, आणि त्या बाईला पहिल्यापासून माहीत होतं. घुमीने डोळे मिटले आणि माझा हात सोडला.

बाहेर माझा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. "कर आता नक्कल," मी म्हटलं. "मॅडमसमोर जाऊन कर." तो खाली बघत राहिला. आईने त्याची बाजू घेतली नाही. तिच्याकडून एवढंसुद्धा मी पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळी घुमीला वॉर्डमध्ये आणल्यावर वकील आला, बॅग काखेत घेऊन. चेहऱ्यावर लग्नघरातलं हसू. मागे मॅडम राउंडला आल्या होत्या.

"अभिनंदन," तो म्हणाला. "शेवटी तयार झालात, समजूतदारपणा दाखवलात. नाहीतर आम्हाला नाइलाजाने तुमच्यावर कारवाई करावी लागली असती."

मी तोंड उघडलं होतं, पण घुमीने माझ्या मनगटावर हात ठेवला. बाळ तिच्या छातीवर झोपलं होतं.

"मी सकाळपासून तयार होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू गेला असणार. "नाही तुम्ही म्हणत होता. तेवढ्यात माझं बाळ गेलं असतं, तर पोलिसांत कोणाला दिलं असतं?"

वकिलाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम घुमीकडे बघत होत्या.

"सांगा ना," घुमी म्हणाली. "मी थांबलेय."