लिव्हरबाबाचे हिरवे खडे

भांडुपच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर लिव्हरबाबा बरणी उंच धरून उभे होते. बरणीत वाटाण्याएवढे हिरवट, मऊ खडे.

"ही बघा, वीस वर्षांची वडापावची चरबी! डॉक्टर म्हणतात, चाला, वजन उतरवा. आम्ही म्हणतो, पडून राहा! आमचं तेल लिव्हरमध्ये जातं आणि चरबीला कान धरून बाहेर आणतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या गुणाजी परबांच्या.

गुणाजी आमच्याच मजल्यावरचे, छापखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टर इरावती सामंतांनी पुढची तपासणी सांगितली होती. पण बाबांच्या डोसनंतर शौचातून मूठभर खडे पडले आणि गुणाजींनी तपासणी रद्द केली. डायबेटिसच्या गोळ्याही बंद.

"माका आता काय धाड भरली?" ते छाती काढून सांगत.

त्यांची बायको जानकी मात्र धास्तावली. समोरच्या वनमाला जाधवबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. जानकीने त्यांनाच गाठलं.

"बाई, हे दिवसभर गळून गेल्यासारखे बसतात हो."

"डोसात काय असतं?"

"वाटीभर ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि जुलाबाचं मीठ."

बाई हसल्या. "माझी सोनोग्राफी गेल्याच महिन्यात झाली. लिव्हर एकदम साफ. बघूया, माझ्यातून काय निघतं ते!"

तोच डोस घेतल्यामुळे शनिवारी बाईंचा मुक्काम जवळपास संडासातच होता. रविवारी त्या आपल्या खड्यांची बरणी आणि थर्मास घेऊन हॉलमध्ये हजर झाल्या. मीही मागोमाग गेलो.

बरणी बघून बाबा खूश झाले. "अरे वा! केवढी चरबी! ताई, वाट लागली होती तुमच्या लिव्हरची!"

बाईंनी रिपोर्ट पुढे केला. "लिव्हर नॉर्मल आहे हो. मग ही चरबी कोणाची?"

"सूक्ष्म चरबी मशीनला दिसत नाही!"

"सूक्ष्म? वाटाण्याएवढी आहे की!"

हॉल खदखदून हसला. बाईंनी थर्मासमधलं गरम पाणी बरणीत ओतलं. थोड्या वेळात खडे विरघळले आणि पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"हे तुम्ही प्यायलेलंच तेल. पोटात त्याचा साबण होतो, गोळ्या बनतात. लिव्हरची चरबी पेशींच्या आत असते. ती अशी टपाटप पडत नाही."

बाबांना अचानक महत्त्वाचा फोन आला. ते बोलत बोलत मागच्या दाराने गेले, ते परत आलेच नाहीत.

गुणाजी खाली मान घालून बसले होते. "म्हणजे बाई, मी साबणाक टाळ्यो वाजवलंय?"

दुसऱ्या दिवशी जानकीने त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. रद्द केलेली तपासणी झाली, त्यात लिव्हर थोडं ताठर निघालं.

"नुसती चरबी नाही, सूज येऊन व्रण धरायला लागलेत," इरावती सामंत म्हणाल्या. "व्रण वाढत गेले तर लिव्हर दगडासारखं होतं. तुम्ही वेळेत आलात. वजन उतरलं, साखर ताब्यात राहिली, तर हे मागे फिरू शकतं."

"कितक्या दिवसांत?"

"दिवस नाही, महिने. आणि चालायचं तुम्हालाच!"

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गुणाजी कुरकुरत का होईना, रोज तासभर चालले. आठ महिन्यांत नऊ किलो उतरले. नव्या तपासणीत लिव्हरचा ताठरपणा कमी झालेला दिसला. तो रिपोर्ट वाचताना जानकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: ज्याला हा आजारच नाही, त्याच्यावरही हा चमत्कार होतो का?